दुकान एका वॉर्डात, मत दुसऱ्या वॉर्डात

दुकान करोलबागेत आणि घर रोहिणीत, पेढी सदर बाजारात आणि बिऱ्हाड पश्चिम विहारात, असा राजधानीतील अनेक व्यापाऱ्यांचा नकाशा आहे. ज्या वॉर्डातील तुंबलेली गटारे, वाहनतळाची मारामारी आणि परवाना निरीक्षकाची फेरी त्याच्या वाट्याला येते, त्या वॉर्डाचा नगरसेवक निवडताना त्याला मत नसते. मत असते ते रात्री जेथे तो झोपावयास जातो तेथे. तरीही महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की प्रत्येक पक्षाचा उमेदवार पहिल्या दोन-चार दिवसांतच बाजाराच्या ‘प्रधाना’ची गाठ घेतो, गाद्या-लोडांवर बसून चहा घेतो आणि व्यापारी बांधवांच्या अडचणींची आपल्याला पूर्ण जाणीव असल्याचे सांगतो. मत नसलेल्या माणसाच्या दारी मतांसाठी का जावे लागते, याचा उलगडा झाल्याखेरीज आपल्या शहरांतील स्थानिक निवडणुकांचे राजकारण कळत नाही. दिल्लीतील मराठी वाचकाला तर हा उलगडा अधिक जवळचा आहे. तो या व्यवहाराच्या दोन्ही टोकांना बसलेला आहे. एका टोकाला तो निर्माण भवनात फायलींच्या मागे आहे आणि दुसऱ्या टोकाला सराफ बाजारातील भाड्याच्या खोलीत भट्टीपुढे.

पूर्वी व्यापाऱ्यांना हा वळसा घ्यावा लागत नसे. १८८८ च्या कायद्याने मुंबई महापालिकेची जी रचना केली तीत ७२ सभासद होते. त्यांपैकी ३६ करदात्यांनी निवडावयाचे, १६ ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींनी, १६ सरकारने नेमावयाचे आणि उरलेल्या चारांपैकी दोन विद्यापीठाच्या फेलोंनी, तर दोन चेंबर ऑफ कॉमर्सने पाठवावयाचे. व्यापाराला व्यापार म्हणूनच सभागृहात खुर्ची होती. मुंबई महापालिकेत प्रौढ मताधिकार आला तो १९४८ साली, आणि मग राहण्याचे ठिकाण हाच मताचा एकमेव आधार ठरला. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्यांचे वेगळे स्थानिक मत १९६९ साली रद्द झाले. मात्र लंडनच्या मूळ ‘सिटी’त ते टिकले आणि २००२ च्या कायद्याने तर तेथील कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात मतदार नेमण्याची मुभा मिळाली. ही पद्धत आपल्याला रुचणारी नाही, रुचूही नये. पण तेथे कोणाचे किती वजन, हे निदान कागदावर लिहिलेले आहे. आपल्याकडे वजन आहे. कागद तेवढा नाही.

हे वजन कोठून येते? थोडे गणित करावे लागेल. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली महापालिकेची निवडणूक झाली तेव्हा वॉर्ड २५० होते आणि मतदार सुमारे १ कोटी ४५ लाख. म्हणजे सरासरीने एका वॉर्डात ५८ हजार मतदार. मतदान जेमतेम निम्मे झाले. तिरंगी लढतीत अशा वॉर्डात बारा-तेरा हजार मते मिळवणारा निवडून येऊ शकतो. उमेदवाराला खर्चाची मर्यादा आठ लाख रुपयांची, म्हणजे प्रत्येक मतदारामागे चौदा रुपयेसुद्धा नाहीत. या चौदा रुपयांत पत्रके छापायची, फलक लावायचे, कार्यालय थाटायचे, कार्यकर्त्यांना खाऊ घालायचे आणि मतदानाच्या दिवशी बूथवर माणसे बसवायची. ही मर्यादा कोण कितपत पाळतो, हे निवडणूक पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जेथे दोन-चारशे मतांनी निकाल फिरतो, तेथे शंभर दुकानांची संघटना पाठीशी असणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. छापखाना संघटनेच्या सभासदाचा, मंडप व खुर्च्या दुसऱ्या सभासदाच्या, मिठाई तिसऱ्याची. यांतले फारसे काही हिशेबाच्या वहीत येत नाही आणि यावे असा कोणाचा आग्रहही नसतो.

पैसा हा या वजनाचा एक भाग झाला, आणि आमच्या मते तो सर्वांत मोठा भाग नव्हे. दुकानदाराचे मत वॉर्डात नसले तरी त्याच्या दुकानाच्या वर राहणाऱ्या घरमालकाचे असते. तळमजला दुकानाला देऊन त्याच्या भाड्यावर ज्यांचे संसार चालतात अशी कुटुंबे दिल्लीच्या प्रत्येक वसाहतीत आहेत. दुकानात काम करणारा मुलगा बहुधा त्याच वॉर्डाच्या मागल्या वस्तीत राहतो. दुकान बंद झाले तर या दोघांच्याही घरातील चूल मंदावते. व्यापारी संघटना ज्या मतांची भाषा करते ती मते या भाडेवसुलीच्या आणि पगाराच्या धाग्यांनी बांधलेली असतात. हा धागा एरवी दिसत नाही. तो ताणला गेला की दिसतो. दिल्लीत तो कसा ताणला गेला हे २००६ आणि २००७ या दोन वर्षांनी दाखवले, आणि स्थानिक निवडणुकांत व्यापारी वर्ग काय करू शकतो व काय करू शकत नाही, याचे त्याहून चांगले उदाहरण निदान उत्तर हिंदुस्थानात तरी सापडणार नाही.

१६ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देऊन निवासी जागांतील बेकायदा व्यापारी वापर बंद करण्याचा आदेश दिला. मार्चअखेर महापालिकेची पथके टाळे आणि लाख घेऊन रस्त्यावर उतरली. ‘सीलिंग’ हा शब्द त्या दिवसापासून दिल्लीच्या बोलीत शिरला, तो आजतागायत तेथेच आहे. कारवाईवर देखरेख ठेवण्यासाठी न्यायालयाने के. जे. राव, भुरेलाल आणि मेजर जनरल (निवृत्त) सोम झिंगन यांची समिती नेमली. यांतले राव हे बिहारमधील २००५ ची निवडणूक चोख पार पाडणारे निवडणूक आयोगाचे निरीक्षक म्हणून देशाला माहीत झालेले. मतदारांना निर्भयपणे मत देता यावे म्हणून झटलेला अधिकारी वर्षभरातच दिल्लीच्या बाजारपेठांत सर्वांत नावडता ठरला, हा योगायोग मौजेचा खरा, पण त्या वेळी मौज वाटण्याजोगी कोणाचीच मनःस्थिती नव्हती. सप्टेंबरमध्ये सीलमपूर येथे निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली.

त्या वेळी केंद्रात, दिल्ली सरकारात आणि महापालिकेत तिन्ही ठिकाणी काँग्रेसची सत्ता होती. २००२ च्या निवडणुकीत महापालिकेच्या १३४ पैकी १०८ जागा जिंकलेला हा पक्ष होता. त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलण्याची सोय त्याला नव्हती. न्यायालयाचा आदेश मोडता येत नाही आणि बाजाराचा रोष झेलता येत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या सत्ताधाऱ्यांनी जे केले ते सर्व एकाच दिशेचे होते. मे २००६ मध्ये संसदेत विशेष तरतुदींचा कायदा करून कारवाईला एक वर्षाची स्थगिती देण्यात आली. सप्टेंबरमध्ये २,१८३ रस्त्यांची यादी अधिसूचित करून तेथे व्यापारी वा मिश्र वापराला मान्यता देण्यात आली. ७ फेब्रुवारी २००७ रोजी ‘मास्टर प्लॅन २०२१’ अधिसूचित झाला आणि मिश्र भूवापर हा नियोजनाचाच भाग बनला. पाच एप्रिलला मतदान होते. सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या जुन्या आराखड्यांपासून रेंगाळलेला प्रश्न मतदानाला दोन महिने राहिले असता सुटल्यासारखा झाला, यातच निवडणुकीने कामाला कसा वेग येतो हे दिसते. कागदपत्रांच्या या धांदलीत निर्माण भवनातील किती मराठी अधिकाऱ्यांची रात्रीची झोप गेली असेल, याची कल्पना त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखी आहे.

व्यापाऱ्यांनी ही सवलत घेतली आणि तरीही काँग्रेसला पाडले. २७२ जागांच्या नव्या सभागृहात भारतीय जनता पक्षाने १६४ जागा मिळवल्या. महागाईचा आणि विजेच्या दरांचा राग होताच. सारे श्रेय वा सारा दोष एका सीलिंगला देणे हे अतिसुलभीकरण होईल. पण बाजारपेठांच्या वस्त्यांत घराघरांतून जी भाषा ऐकू येत होती ती टाळ्यांची आणि सिलांची होती, हे त्या वेळी दिल्लीत असलेल्या कोणालाही आठवेल. व्यापारी एकदिलाने उभा राहिला तर महापालिका उलथवू शकतो, असा निष्कर्ष तेव्हा बहुतेकांनी काढला.

पण पुढच्याच वर्षी, २००८ च्या हिवाळ्यात, विधानसभेची निवडणूक झाली. शीला दीक्षित ७० पैकी ४३ जागा जिंकून तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाल्या. सीलिंगविरोधी आंदोलनाचा चेहरा असलेले, अखिल भारतीय व्यापारी महासंघाचे सरचिटणीस प्रवीण खंडेलवाल त्या निवडणुकीत भाजपच्या तिकिटावर चांदनी चौकातून उभे राहिले आणि काँग्रेसकडून पराभूत झाले. चांदनी चौकातून! ज्या मतदारसंघाचे नावच बाजाराचे, तेथे व्यापाऱ्यांच्या सरचिटणीसाला व्यापाऱ्यांचा रोष तारू शकला नाही. (याच मतदारसंघाच्या नावाच्या लोकसभा क्षेत्रातून ते जून २०२४ मध्ये खासदार झाले, पण ती निवडणूक बाजाराच्या प्रश्नावर लढली गेली असे कोणी म्हणणार नाही.) वीस महिन्यांत असे काय बदलले? आमच्या मते, बदलले ते एवढेच की मतदान वाढले आणि मतदारसंघ मोठा झाला. वॉर्डाच्या निवडणुकीला निम्म्याच्या आसपासच मतदार बाहेर पडतात, तेव्हा बाहेर पडण्याचे ज्याला ठोस कारण आहे त्याचे मत दुप्पट मोलाचे ठरते. विधानसभेला झोपडवस्तीतला, पुनर्वसन वसाहतीतला, अनधिकृत कॉलनीतला मतदार मोठ्या संख्येने रांगेत येतो आणि दुकानांच्या सिलांचे दुःख त्या गर्दीत विरघळते. व्यापारी संघटनांची ताकद त्यांच्या संख्येत नाही, इतरांच्या गैरहजेरीत आहे.

ही गोष्ट पक्षांना कळत नाही असे नव्हे. म्हणून तर ते बाजाराला निर्णय देत नाहीत, मुदत देतात. २००६ साली एका वर्षासाठी म्हणून केलेला विशेष तरतुदींचा कायदा नावे व कलमे बदलत पुढे सरकत राहिला. २०११ मध्ये त्याचे आजचे रूप ठरले आणि मुदत २०१४ च्या अखेरपर्यंत नेण्यात आली. मग २०१७, मग २०२०, मग २०२३. आणि डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. या काळात केंद्रातले सरकार बदलले, दिल्लीतले सरकार बदलले, महापालिकेचे तीन तुकडे होऊन २०२२ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. मुदतवाढीवर मात्र सर्वांचे एकमत. हा कायदा केवळ दुकानांचा नाही. झोपडपट्ट्या, अनधिकृत वसाहती, फेरीवाले अशा अनेकांना त्याचे छत्र आहे, आणि त्यांतील कित्येकांना त्याची खरोखर गरज आहे, हे मान्य करावयास हवे. पण गरजवंतांच्या छत्राखाली सोयवंतही उभे राहतात. आणि छत्र दर तीन वर्षांनी नव्याने उघडावे लागत असेल, तर दर तीन वर्षांनी कोणाला तरी भेटावे लागते, निवेदन द्यावे लागते, आणि बऱ्याचदा निवेदनाबरोबर आणखीही काही.

मुदत म्हणजे काय, हे डिसेंबर २०१७ मध्ये पुन्हा दिसले. सर्वोच्च न्यायालयाने देखरेख समितीला पुन्हा अधिकार दिले आणि टाळी-लाख परत बाहेर निघाली. या वेळचे कारण मुख्यतः रूपांतर शुल्काचे. मिश्र वापराच्या रस्त्यांवरील दुकानदाराने महापालिकेला शुल्क भरावयाचे आणि त्या पैशातून महापालिकेने वाहनतळ व अन्य सोयी उभारावयाच्या, असा २००७ च्या आराखड्यातील बोलीचा सौदा होता. दुकानदारांतल्या अनेकांनी शुल्क भरले नाही, काहींनी भरले. आणि भरलेल्या पैशातून वाहनतळ कोठे झाले, असे त्यांनी विचारले तर उत्तर देणारे कोणी नव्हते. या वेळी तिन्ही महापालिका व केंद्र भाजपकडे आणि दिल्ली सरकार आम आदमी पक्षाकडे होते. २००६ साली काँग्रेसला जी सोय नव्हती ती आता सर्वांनाच होती. महापालिका दिल्ली सरकारकडे बोट दाखवी, दिल्ली सरकार दिल्ली विकास प्राधिकरणाकडे आणि प्राधिकरण न्यायालयाकडे. जून २०१८ मध्ये आराखड्यात दुरुस्ती होऊन काही सवलती आल्या. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने २५० पैकी १३४ जागा जिंकून महापालिका घेतली आणि १०४ जागांवर थांबलेल्या भाजपची पंधरा वर्षांची सत्ता गेली. म्हणजे जो पक्ष बाजाराच्या रोषावर स्वार होऊन आला, तोही अखेर गेला, आणि बाजाराचा प्रश्न मागे उरला. प्रत्येक सत्तांतरात व्यापारी जिंकलेल्या बाजूला असल्याचे त्यांचे पुढारी सांगतात. ते खरेही असेल. जिंकून हाती काय आले, तर पुढची तारीख.

महाराष्ट्रात याच वर्गाने दुसरा मार्ग धरला, त्याकडे येथे राहूनही लक्ष द्यावयास हवे. तेथील व्यापाऱ्याची तक्रार भूवापराची नव्हती, कराची होती. जकात जाऊन तिच्या जागी ‘स्थानिक संस्था कर’ आला आणि १ एप्रिल २०१३ पासून तो पुणे, ठाणे यांसारख्या मोठ्या महापालिकांना लागू होताच राज्यभर बाजार बंद झाले. यातली लक्षणीय गोष्ट अशी की, त्या महापालिकांच्या निवडणुका वर्षभरापूर्वीच, २०१२ मध्ये, होऊन गेल्या होत्या. नगरसेवकावर राग काढावयास चार वर्षे थांबावे लागणार होते. व्यापाऱ्यांनी मग वॉर्ड सोडून थेट राज्याच्या निवडणुकीवर नजर ठेवली. २०१४ च्या विधानसभेच्या प्रचारात विरोधकांनी हा कर रद्द करण्याचे वचन दिले, सत्तांतर झाले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. वगळल्यावर कर उरला तो नावापुरता. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपली.

दिल्लीच्या व्यापाऱ्याला मुदत मिळाली. महाराष्ट्राच्या व्यापाऱ्याला निर्णय मिळाला. वरवर पाहता दुसरे यश मोठे आहे, आणि जकात नाक्यांवरच्या रांगा व तेथला व्यवहार आठवला तर ते स्वागतार्हही आहे. परंतु कराबरोबर महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न गेले आणि त्याची जागा राज्य सरकारच्या अनुदानाने घेतली. पूर्वी नगरसेवकाला बाजार चालावा अशी गरज असे, कारण बाजार चालला तर जकात येई. आता त्याला मंत्रालयातून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहावयाची असते. बाजारपेठ आणि नगरपालिका यांचे जे भांडखोर पण जिवंत नाते होते, ते करासोबत सुटले. मुंबईसह अनेक महापालिकांत २०२२ मध्ये मुदत संपूनही तीन वर्षांहून अधिक काळ निवडणुका झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. करासाठी आठवडेच्या आठवडे शटर खाली ओढणाऱ्या संघटनांनी निवडणूक घ्या म्हणून एक दिवस तरी बाजार बंद ठेवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. प्रशासकाकडे एकच दार ठोठवावे लागते, हे त्यांना कदाचित सोयीचेही वाटले असेल.

येथवर आपण ‘व्यापारी’ असा शब्द सरसकट वापरला. तो आता थोडा उसवून पाहावयास हवा, कारण खरी अडचण त्यातच आहे. बाजार संघटना ही बाजाराची प्रतिनिधी असते, असे पक्ष मानतात, प्रशासन मानते आणि वृत्तपत्रेही मानतात. दिल्ली सरकारने २००० साली ‘भागीदारी’ योजना आणली तेव्हा रहिवासी कल्याण संघांच्या जोडीने बाजार संघटनांनाही अधिकृत भागीदार म्हणून बोलावले. पुढे २००६-०७ च्या वादात हेच दोन भागीदार समोरासमोर उभे राहिले. रहिवाशांना गल्लीतली शांतता परत हवी होती आणि दुकानदारांना गल्ली. पण रहिवासी संघाच्या मागे निदान मतदारयादी आहे. बाजार संघटनेच्या मागे कोणती यादी असते? तिचा सभासद कोण, मालक की भाडेकरू? पोटभाडेकरूला त्यात मत आहे का? वरच्या मजल्यावर शिवणयंत्रे चालवणाऱ्याला? जेथे संघटनेची निवडणूक होते तेथेही ती बहुधा पगडीवाल्या जुन्या पेढ्यांची आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानांची असते. आणि तोच ‘प्रधान’ दहा-पंधरा वर्षे खुर्चीत असलेले बाजार शोधावे लागत नाहीत.

या ठिकाणी आपल्याच माणसांची गोष्ट येते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातून गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचले आहेत. जुने दागिने वितळवून सोने-चांदी शुद्ध करणे, सराफाच्या दुकानातील झाडलोटीच्या धुळीतून सोन्याचा कण वेगळा काढणे, हे त्यांचे कसब. दुष्काळी माणदेशी माळरानावरून उठून त्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी ते परमुलखात रुजवले आहे. दिल्लीच्या सराफ बाजारातही ही मंडळी आहेत. त्यांचा धंदा भट्टीचा आणि तेजाबाचा, म्हणजे भूवापराच्या नियमांत नेमका बोचणारा. जागा बहुधा भाड्याची, तीही दुसऱ्याच्या दुकानामागची वा माडीवरची. कारवाईची चाहूल लागली की सर्वांत आधी हलावे लागते ते त्यांना, कारण मोठ्या पेढीला वाचवण्यासाठी संघटना जी तडजोड करते तीत ‘उपद्रवी’ म्हणून ज्यांची नावे देता येतात त्यांत भट्टीवाला पहिला असतो. संघटनेत त्याला मत नाही. वॉर्डात मत असलेच तर ते एकट्याचे. गावाकडच्या मतदारयादीत नाव ठेवणारेही पुष्कळ, आणि गणपतीला वा गावच्या यात्रेला जाताना निवडणूक आली तर तेथे मत देऊन येणारेही. राहण्याच्या जागेवर मत, कामाच्या जागेवर पोट आणि गावाकडे मन, अशी ही तीन ठिकाणी विभागलेली नागरिकता आहे, आणि राजकीय पक्षांच्या दृष्टीने अशा माणसाचे वजन शून्याच्या जवळपास.

फेरीवाल्याची स्थिती याहून हलाखीची, पण एका बाबतीत तो पुढे गेला आहे. पथविक्रेत्यांसाठीच्या २०१४ च्या कायद्याने शहर विक्रेता समित्या नेमावयास लावल्या आणि त्यांत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावेत, त्यांतही एक तृतीयांश महिला असाव्यात, असे ठरवले. अंमलबजावणी रखडत चालली आहे, पथविक्रेत्यांची पाहणी पूर्ण होण्याआधीच हातगाड्या उचलल्या जातात, हे सर्व खरे. तरीही ज्याच्याकडे पक्के दुकान नाही त्याच्या प्रतिनिधित्वाला कायद्यात आकडा आहे, आणि ज्या संघटनांच्या निवेदनांवर संसद कायद्यांच्या मुदती वाढवते त्यांच्या प्रतिनिधित्वाला काहीच नाही, ही विसंगती कोणाला खटकू नये याचे आश्चर्य वाटते.

व्यापाऱ्यांनी राजकारणात पडू नये, असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. शहर त्यांच्या करावर आणि त्यांनी दिलेल्या रोजगारावर चालते. त्यांनी उमेदवाराला प्रश्न विचारावेत, पसंत असेल त्याला उघडपणे मदत करावी, स्वतः उभे राहावे. आक्षेप आहे तो हे सारे ज्या अंधारात होते त्यावर. पक्षांना मिळणाऱ्या मोठ्या देणग्यांविषयी देशात पुष्कळ चर्चा झाली. निवडणूक रोखे फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. वॉर्डातल्या उमेदवाराला बाजाराने पुरवलेल्या खुर्च्या, मिठाई आणि रोकड यांवर मात्र कोणी याचिका करत नाही, कारण रक्कम क्षुल्लक दिसते. शहराच्या नकाशावर कोठे दुकान चालेल आणि कोठे घर राहील, हे मात्र याच क्षुल्लक रकमांच्या सावलीत ठरते.

काही गोष्टी कायदा न बदलताही होऊ शकतात, आणि त्या करणारे हात आमच्या वाचकांतही आहेत. महापालिकेने रूपांतर शुल्काचा हिशेब बाजारनिहाय प्रसिद्ध करावा. कोणत्या रस्त्यावरून किती आले, किती खर्च झाले, कशावर झाले, याची एक पानाची यादी बाजाराच्या तोंडाशी लावावी. पैसे भरून वाहनतळ न मिळालेला दुकानदार मग प्रधानाच्या मध्यस्थीवाचूनही भांडू शकेल. ज्या संघटनेचे निवेदन प्रशासन स्वीकारते, तिने आपली सभासद यादी आणि शेवटच्या निवडणुकीची तारीख निवेदनासोबत जोडावी, अशी साधी अट एका परिपत्रकाने घालता येईल. अशी अट असती तर कित्येक निवेदने टंकलिखित होण्यापूर्वीच विरली असती. आणि दिल्लीच्या बारा झोनच्या वॉर्ड समित्यांपुढे व्यापार परवानाधारकाला, त्याचे मत कोणत्याही वॉर्डात असो, दुकान ज्या वॉर्डात आहे त्याविषयी प्रश्न मांडण्याची आणि त्याचे लेखी उत्तर मिळण्याची मुभा असावी. भाडेकरू परवानाधारकालाही, आणि त्याच्या मागच्या खोलीत भट्टी पेटवणाऱ्यालाही. विशेष तरतुदींच्या फायलीवर ‘३१ डिसेंबर’ पुढे नवे साल लिहिण्याची वेळ येईल तेव्हा टिपण तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने समासात एवढे तरी नोंदवावे की, मागील मुदतीत किती रस्त्यांचा प्रश्न कायमचा सुटला.